माळ कोरडा, पाणी हातभर खाली: माती आणि झाडोरा वाचायची रीत

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ५५० ते ६०० मिमी पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. तरीही उजनीच्या कालव्यांखालच्या माढा, मोहोळ, पंढरपूर पट्ट्यात, नीरा उजव्या कालव्याखालच्या माळशिरसात किंवा हिप्परग्यासारख्या जुन्या तलावाच्या बांधाखाली अशी रानं आहेत, की वर चालताना फुफाटा उडतो आणि मीटरभर खणलं की पाणी पाझरू लागतं. अशी जमीन वरून पाहून कळत नाही. एकदा खणूनही नीट कळत नाही, कारण मेमध्ये कोरडा निघालेला खड्डा ऑक्टोबरात गुडघाभर भरतो. म्हणून ‘आज पाणी किती खोल आहे’ असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. वर्षातले किती आठवडे पाणी मुळांच्या टापूत उभं असतं, हे शोधायचं. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

असाच पेच अमेरिकेतल्या फ्लोरिडा-जॉर्जियाच्या सपाट किनारी भागातल्या पाइनच्या जंगलांत दिसतो. त्यांना फ्लॅटवुड्स म्हणतात. आपल्याकडे सूचिपर्णी जंगल नाही. शाळांच्या कुंपणाला लावलेली सुरू पाइनसारखी दिसते, पण ती सपुष्प वनस्पती आहे, पाइनच्या गोतातली नव्हे. तरीही फ्लॅटवुड्स आधी समजून घेतली, तर आपल्या काळ्या जमिनीत काय पाहायचं आणि कशाला भुलायचं नाही, हे पटकन लक्षात येतं.

पाइनखालची पांढरी वाळू

फ्लॅटवुड्समध्ये वर्षाला १३०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक जून ते सप्टेंबरमध्ये येतो. जमीन जवळजवळ सपाट असते, त्यामुळे पाणी वाहून जात नाही. तिथल्या मायाका नावाच्या मातीला फ्लोरिडाने १९८९ मध्ये राज्याची माती म्हणून मान दिला. तिचा खड्डा असा दिसतो: वर १५ सेंमीपर्यंत करडी-काळसर बारीक वाळू, त्याखाली ५० सेंमीच्या आसपासपर्यंत धुऊन निघालेली पांढरीफटक वाळू आणि मग एकदम चहाच्या गाळासारखा गडद तपकिरी थर. वरच्या वाळूतला सेंद्रिय अंश आणि अ‍ॅल्युमिनियम (काही ठिकाणी लोहही) आम्ल पाण्याबरोबर खाली उतरून या थरात साठतात. बहुतेक वर्षी एक ते चार महिने पाणी पृष्ठभागापासून ४५ सेंमीच्या आत असतं. कडक कोरड्या हंगामात तेच मीटरच्या खाली जातं.

म्हणजे एकाच झाडाला एकाच वर्षात बुडणंही सोसायचं आणि तहानही. वाळू पाणी धरत नाही. त्यामुळे पातळी उतरली की वरचा अर्धा मीटर काही आठवड्यांत खडखडीत होतो. या दोन्ही टोकांना तग धरणाऱ्याच वनस्पती इथे राहतात: वर लाँगलीफ आणि स्लॅश पाइन, खाली जमिनीसरपट खोडाची सॉ पाल्मेटो, गॅलबेरीची झुडपं आणि वायरग्रास. जमीन थोडी खोलगट झाली की पाल्मेटो विरळ होते आणि घटपर्णी, दवबिंदू अशा कीटकभक्षी वनस्पती दिसू लागतात. थोडी उंचावली की खुरटे ओक आणि दगडफुलं. उंचीतला फरक पुष्कळदा हातभरही नसतो.

इथला पहिला चकवा रंगाचा. ओल्या जमिनीत लोह विरघळून माती करडी पडते आणि हवा लागेल तिथे तांबूस ठिपके उठतात, हा सगळीकडे शिकवला जाणारा नियम. पण या वाळूत मुळात लोहच इतकं कमी, की ठिपके उठायला काही उरत नाही. दुसरा चकवा आगीचा. ही जंगलं दर दोन-चार वर्षांनी जमिनीलगतच्या आगीने विंचरली जातात. आग बंद झाली की झुडपं माजतात, गवत मरतं आणि ओलावा तसूभर न बदलताही झाडोरा वेगळा दिसू लागतो. त्यामुळे तिथे वनस्पतींची यादी करताना शेवटची आग कधी लागली, हे आधी विचारावं लागतं. तिसरी गोष्ट चकव्याची नाही, पण विसरली जाते. पाइन तोडले की पाणी वर येतं, कारण दररोज पाणी ओढून हवेत सोडणारी झाडंच गेलेली असतात.

सोलापुरात: रेघ आखून घ्या

एकच जागा खणून काही हाती लागत नाही. माळाच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत उताराच्या दिशेने सरळ रेघ आखा आणि तिच्यावर किमान तीन ठिकाणं धरा: बरड माथा, मधला उतार, ओढ्याकाठची भारी काळी. कालवा किंवा पाट मध्ये येत असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना एकेक जागा वाढवा. उंचीतला फरक पारदर्शक नळीत पाणी भरून मोजा. गवंडी पातळी काढायला वापरतात तीच नळी चालते. मोबाइलवर दिसणारी उंची या कामाला कुचकामी आहे, कारण तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि इथे १० सेंमीलाही महत्त्व आहे.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि पहार तर मुळीच नाही. स्वतःचं किंवा ओळखीच्याचं रान घ्या.

खड्डा

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर खोल किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत. एका बाजूला पायऱ्या ठेवा. काढलेली माती कडेपासून दोन फूट लांब टाका, आणि वरची काळी, खालची पिवळसर, मुरूम असे वेगळे ढीग करा. ओल्या काळ्या मातीची भिंत काही न सांगता ढासळते, म्हणून खड्ड्यात एकट्याने उतरू नका. दोन दिवसांहून जास्त उघडा ठेवायचा असेल तर काटेरी फांद्यांनी घेरा, नाहीतर शेरडं-वासरं पडतात.

उन्हाकडची भिंत पाहायला घ्या. फावड्याने खणलेली भिंत चोपून गुळगुळीत झालेली असते आणि तिच्यावर काहीच दिसत नाही. बोथट सुरीच्या टोकाने माती वरून खाली उचकटत या, म्हणजे तिची खरी घडण उघडी पडते. भारी काळ्या जमिनीत अर्ध्या मीटरच्या खाली तिरपे, चकचकीत, ओरखडे उमटलेले पृष्ठभाग दिसतील. माती फुगताना आणि आकसताना एकमेकींवर घासल्याची ती खूण आहे. ती पाणी साचल्याची खूण नव्हे.

फ्लॅटवुड्समधला तो तपकिरी थर इथे नाही. पाणी अडवायचं काम इथे फुगलेली काळी मातीच करते, नाहीतर चुनखडीने बांधलेला थर किंवा न फुटलेला काळा पाषाण करतो. मुरमातून मात्र पाणी आडवं पळतं. कालव्याचा पाझर पुष्कळदा याच वाटेने येतो आणि उताराच्या पायथ्याशी, जिथे मुरमावर काळीचा जाड थर सुरू होतो, तिथे वर दाबला जातो.

रंग इथेही फसवतो, पण उलट्या बाजूने. काळी माती चांगली निचऱ्याची असली तरी गडदच दिसते आणि करडेपणा त्यात बुडून जातो. त्यामुळे रंग पाहायचे ते ७० सेंमीच्या खाली, काळेपणा फिका पडतो तिथे आणि मुरमाच्या सुरुवातीला. तीन गोष्टी शोधा.

मुळांच्या जुन्या वाटा. हवा मुळाच्या पोकळीतून आत जाते आणि भोवती गंजाच्या रंगाचं अस्तर धरतं. आजूबाजूची माती हिरवट-करडी आणि वाट तांबूस, असं दिसलं तर पाणी तिथे नेमाने येतं.

काळ्या गोळ्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा लहान. त्या मँगनीज-लोहाच्या आहेत, की जळक्या पाचटाचा कोळसा आहे, हे ठरवायला औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन थेंब टाका. मँगनीज असेल तर लगेच जोरात फेसाळतं. मग गोळीची कड भिंगातून पाहा. कड मातीत विरघळल्यासारखी धूसर असेल, तर गोळी आजच्या पाण्यात घडते आहे. कड तासल्यासारखी स्वच्छ असेल, तर ती जुनी असते, बहुधा दुसरीकडून वाहूनही आलेली. आजच्या पाण्याचा पुरावा म्हणून ती धरायची नाही.

पांढरे खडे. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस आला तर चुनखडी. चुनखडी सोलापुरात जवळजवळ सगळीकडे आहे, त्यामुळे तिच्यावरून पाण्याबद्दल काही ठरवू नका. ती किती खोलीवर गोळा झाली आहे, एवढं मात्र लिहून ठेवा. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि पेरॉक्साइडची नि आम्लाची बाटली वेगळ्या पिशवीत.

नळ्या बसवणं

खड्डा जुनी गोष्ट सांगतो, चालू वर्षाची मात्र पाण्याची पातळी मोजायला जमिनीत पुरलेली नळीच सांगते. प्रत्येक जागी एक नव्हे, दोन नळ्या घाला, एकमेकींपासून मीटरभर अंतरावर. शेतीसाठी मिळणारा ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप चालतो. लांब नळी दोन मीटर जमिनीत आणि ४० सेंमी वर. आखूड नळी ७५ सेंमी जमिनीत आणि तीही ४० सेंमी वर. दोन्हींना फक्त तळाच्या ५० सेंमीत ३ मिमीची भोकं, चार उभ्या ओळींत, ५ सेंमीच्या अंतराने. तळाला टोपण. भोकांवर नायलॉनच्या बारीक जाळीचे दोन पदर.

चार इंची गिरमिटाने भोक पाडा, तळाला धुतलेली जाड वाळू टाका, नळी उभी करा, भोकांच्या वर १० सेंमीपर्यंत वाळू भरा. त्यावर ओल्या काळ्या मातीचे गोळे टाकून काठीने ठोकत पृष्ठभागापर्यंत या. वर नळीभोवती छोटा उंचवटा करा म्हणजे पावसाचं पाणी बाजूला जाईल. टोपणाला सुईएवढं भोक ठेवा, नाहीतर आतली हवा कोंडते आणि पातळी चुकीची दाखवते.

हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. उन्हाळ्यात काळीला हातभर खोल भेगा असतात. तेव्हा बसवलेल्या नळीच्या कडेने पहिल्याच वळवाचं पाणी थेट तळाला जातं आणि नळी भरलेली दिसते, प्रत्यक्षात जमीन कोरडीच असते. भर पावसात माती इतकी चिकट असते की गिरमिट भोकाची भिंत लिंपून टाकतं आणि पाणी नळीत यायचंच बंद होतं. बसवून झाल्यावर लांब नळीत लिटरभर पाणी ओता. दोन-तीन दिवसांत पातळी हलली नाही तर भोकं लिंपली गेली आहेत. नळी काढून पुन्हा बसवा.

मोजणी सोपी आहे. लोखंडी टेपच्या टोकाला अर्धा मीटर खडू फासा, टेप नळीत सोडा, वर काढून ओल कुठवर आली ते वाचा. त्याच वेळी नळीचं तोंड जमिनीपासून किती वर आहे तेही दरवेळी मोजा. काळी माती फुगताना नळी वर ढकलते, आकसताना सोडून देते. हा हिशेब न धरल्याने चांगल्या नोंदी वाया जातात.

जून ते डिसेंबर आठवड्याला एकदा, पुढे पंधरवड्याला. कालव्याची पाळी सुटायची असेल तेव्हा आदल्या दिवशी, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी.

दोन्ही नळ्यांतली पातळी जमिनीपासून मोजून एकमेकींशी ताडून पाहिली की खरी मजा कळते. आखूड नळीत पाणी आणि लांब नळी कोरडी: पाणी वरच्या थरात अडकलंय, पाऊस किंवा पाटाचं आहे, काही दिवसांत जाईल. दोन्हींत सारखीच पातळी: भूजल खरंच वर आलंय. लांब नळीतली पातळी आखूडपेक्षा वर: पाणी खालून दाबाने येतंय, बहुतेक वेळा कालव्याचा पाझर किंवा वरच्या रानाचं पाणी मुरमातून आलेलं. या तिसऱ्या परिस्थितीत शेतात पाणी कमी देऊन फरक पडत नाही, पाझर वरच्या अंगाला चर काढून अडवावा लागतो.

झाडोरा मोजणं

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ धरा. गवतं निसवलेली असतात आणि ओळखता येतात. जानेवारीत तेच रान चरून सपाट झालेलं असतं. रेघेवरच्या प्रत्येक पट्ट्यात एक मीटर चौरसाच्या दहा चौकटी टाका. त्या आधीच ठरवलेल्या अंतरावर टाका, डोळ्यांना आवडेल तिथे नाही. प्रत्येक चौकटीत कुठल्या वनस्पतीने किती टक्के जमीन झाकली आहे आणि किती उघडी आहे, हे लिहा. झुडपं-झाडांसाठी दहा मीटर चौरस पुरेसा आहे.

माथ्यावर कुसळी, पवना, तरवड, हेंकळ, बोर आणि हिवर मिळतील. उतरत आलो की मारवेल वाढतो. ओढ्याजवळ वाळा, करंज, उंबर. वर्षातले काही महिने पाणी उभं राहतं तिथे तालिमखाना आणि माका, आणि कायम ओल असेल तर पाणकणीस. पाणी वर येऊन मीठही साचलं असेल तर झाडोरा एकदम गरीब होतो: हराळी, रुद्रवंतीची राखाडी जमिनीलगत पसरलेली रोपं आणि मध्ये उघडे, पांढुरके चट्टे.

भुलवणाऱ्या वनस्पतीही ओळखून ठेवा. लव्हाळा ओलिताच्या कुठल्याही रानात येतो, त्याच्यावरून जमीन चिबड, म्हणजे पाणी धरून राहणारी, म्हणू नये. बेशरम कुंपणाला मुद्दाम लावलेली असते. गाजर गवत मोडतोड सांगतं, ओल नाही. वेडी बाभूळ मुरमावरही येते आणि खारवटातही. आणि कुसळीची गंमत वेगळीच. फ्लोरिडातलं वायरग्रास आणि आपल्या माळावरच्या कुसळीच्या काही जाती एकाच अ‍ॅरिस्टिडा प्रजातीतल्या. तिथे ते चार महिने पाण्यात पाय ठेवून उभं राहतं, इथे त्याचे भाऊबंद उघड्या मुरमावर जगतात. म्हणून नुसतं ‘कुसळी’ लिहून थांबू नका, कणसासकट नमुना वर्तमानपत्रात दाबून जातीपर्यंत ओळख पटवा. प्रजातीच्या नावावरून ओलाव्याचा अंदाज बांधला तर तो सपशेल चुकतो.

तिथे आगीबद्दल विचारावं लागतं, तसं इथे चराईबद्दल विचारा: किती जनावरं, कुठल्या महिन्यांत, वणवा कधी लागला, सलग समपातळी चर खोदले आहेत का, गिरिपुष्प लावलंय का. चरांच्या काठची चौकट आणि मोकळ्या माळावरची चौकट एकत्र मिसळली तर सरासरीला काही अर्थ राहत नाही.

मीठ की चोपण

फ्लॅटवुड्समधला पाऊस मुबलक. तो क्षार धुऊन नेतो, माती आम्ल राहते. इथे बाष्पीभवन पावसाच्या कितीतरी पट. पाणी दीड-दोन मीटरच्या आत आलं की चिकणमातीतल्या बारीक वाटांनी ते वर चढतं, उडून जातं आणि क्षार वर ठेवतं. देशात पातळी २ मीटरच्या आत असलेली जमीन पाणथळ आणि २ ते ३ मीटर म्हणजे धोक्याच्या वाटेवरची, असं धरतात ते यामुळेच.

घरची चाचणी: मटाराएवढी सुकी ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. दोन तासांनी ढेकळाभोवती दुधाळ ढग धरला आणि दुसऱ्या दिवशीही गढूळपणा बसला नाही तर सोडियम जास्त आहे, जमीन चोपणाकडे झुकली आहे. नुसती विरघळून चुरा झाली आणि पाणी स्वच्छ राहिलं तर घाबरायचं कारण नाही. बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार ढग धरू देत नाहीत आणि चोपण जमीनही चांगली ठरते.

ढग धरला तर ०-१५, १५-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमीचे वेगळे नमुने माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. पीएच ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. क्षारतेची ४ डेसीसायमन प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची आहे. बऱ्याच अहवालांतला ईसी (क्षारता सांगणारी विद्युतवाहकता) एक भाग मातीला अडीच भाग पाण्याच्या द्रावणातला असतो आणि तो आकडा बराच कमी येतो. कुठली पद्धत वापरली हे विचारल्याशिवाय दोन्हींची तुलना करू नका. आणि मातीला चिकटलेलं सोडियम सोडवायला जिप्समची पोती आणण्याआधी नळ्यांची वही उघडा. पातळी मीटरच्या आत राहत असेल तर सुटलेलं सोडियम खाली जायला वाट नसते, ते पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर येतं. आधी निचरा, मग जिप्सम.

खड्डा बुजवताना मुरूम खाली, पिवळसर मध्ये, काळी वर, याच क्रमाने भरा आणि दर फूटभराला तुडवा. बोटभर उंच ठेवा, पहिल्या पावसात तो बसतो.